वाळवंटाच्या सरहद्दीवरील पाणपोया

चैत्र लागला की रस्त्याच्या कडेला मांडव घालावा, दोन-चार रांजण मांडून त्यांना ओले फडके गुंडाळावे आणि येणाऱ्याजाणाऱ्या वाटसरूला ओंजळभर गार पाणी पाजावे, ही चाल आपल्याकडे फार जुनी आहे. माळव्यात राहणाऱ्या आपल्या मंडळींना अहिल्याबाई होळकरांच्या विहिरी, घाट आणि धर्मशाळा यांची आठवण करून देण्याचे कारण नाही. रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात रिकामी करणाऱ्या एकनाथमहाराजांची कथाही घरोघर सांगितली जाते. तथापि पाणी कोणाला द्यावे आणि कोणाला देऊ नये, हा वाद आपल्या समाजानेही घातलेला आहे. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, हे विसरून चालणार नाही.

अशाच एका वादग्रस्त जलदानाची हकीकत या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावयाची आहे. ती दूर देशीची आहे. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, मेक्सिकोच्या सरहद्दीला लागून असलेल्या वाळवंटात, परवान्यावाचून सरहद्द ओलांडणारी माणसे तहानेने मरू नयेत म्हणून तेथील काही सामान्य नागरिक पंचवीसएक वर्षे पाणी ठेवीत आले आहेत. त्यांपैकी काहींवर त्यासाठी खटलेही झाले. हे लोक कोण, ते काम कसे करतात, त्यांच्यावर आक्षेप कोणते आणि त्यांची उत्तरे काय, हे धर्मादाय कार्यात गुंतलेल्या आपल्यासारख्यांनी समजून घेण्याजोगे आहे.

प्रदेश कसा आहे

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जैसलमेरकडील वाळूच्या टेकड्या उभ्या राहतात. सोनोराचे वाळवंट तसे नाही. खडकाळ डोंगर, कोरडे ओढे आणि काटेरी झुडपे यांनी ते भरलेले आहे. सग्वारो नावाचे तीस-चाळीस फूट उंचीचे निवडुंग खांबांसारखे जागोजाग उभे असतात. उन्हाळ्यात सावलीतला पारा ४० अंशांच्या वर जातो, पश्चिमेकडील सखल भागात ४५ अंशांच्याही पुढे जातो, आणि जमीन त्याहून कितीतरी अधिक तापते. हिवाळ्यातल्या रात्री पाणी गोठण्याइतकी थंडी पडते. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या वळवासारखा पाऊस येतो तेव्हा कोरडा ओढा घटकाभरात दुथडी भरून वाहतो व तितक्याच लवकर आटतो. बारमाही झरे अगदी थोडे. पुष्कळ ठिकाणी पाणी म्हणून जे मिळते ते गुरांसाठी साठविलेल्या टाक्यांतले, शेवाळ धरलेले.

आजची सरहद्द १८५३ च्या कराराने ठरली. त्या करारान्वये अमेरिकेने मेक्सिकोकडून ही भूमी विकत घेतली. नकाशावर ओढलेल्या त्या रेषेने तोहोनो ओओधाम या मूळ रहिवाशांच्या मुलखाचे दोन तुकडे झाले. त्यांच्या नावाचा अर्थच ‘वाळवंटातील लोक’ असा आहे. याच मुलखातून जाणाऱ्या एका जुन्या वाटेला स्पॅनिश लोकांनी ‘सैतानाचा रस्ता’ असे नाव दिले होते. तेथे पूर्वीपासून माणसे तहानेने मरत आली, हे नावावरूनच कळते.

माणसे या वाटेने का येऊ लागली

१९९० च्या सुमारापर्यंत मेक्सिकोतून चोरून येणारे मजूर बहुधा शहरांतूनच सरहद्द ओलांडीत. सान दिएगो, एल पासो, नोगालेस या गावांत एका बाजूची गल्ली संपते तेथे दुसऱ्या बाजूची सुरू होते. कुंपण चढले की मनुष्य गर्दीत मिसळून जाई. ही ये-जा थांबविण्यासाठी अमेरिकन सरकारने १९९३ मध्ये एल पासो येथे आणि १९९४ मध्ये सान दिएगो येथे शिपायांची दाट फळी उभी केली. भिंती, दिवे, गस्तीच्या मोटारी आल्या. १९९४ च्या सरकारी योजनेतील विचार असा होता की, शहरांतील सोप्या वाटा बंद केल्या म्हणजे उरलेल्या वाटा इतक्या बिकट असतील की लोक येण्याचेच सोडून देतील. भूगोल आपला साथीदार होईल अशी आमची अपेक्षा होती, असे त्या वेळच्या इमिग्रेशन खात्याच्या आयुक्त डोरिस माइसनर यांनी पुढे सांगितले.

भूगोलाने साथ दिली नाही. लोक थांबले नाहीत, त्यांनी वाट बदलली. १ जानेवारी १९९४ पासून अमेरिका, कॅनडा व मेक्सिको यांच्यातील खुल्या व्यापाराचा करार अमलात आला होता. अमेरिकेतला स्वस्त मका मेक्सिकोच्या बाजारात आल्यावर तिकडचा लहान शेतकरी अडचणीत आला. दक्षिणेकडील ग्वातेमाला, होंडुरास, एल साल्वादोर या देशांत यादवी युद्धांनंतर गुंडांच्या टोळ्यांचे राज्य झाले. इकडे अमेरिकेच्या शेतांत, हॉटेलांत व बांधकामांवर स्वस्त मजुरांची मागणी कायम होती. त्यामुळे ‘कोयोते’ म्हणजे कोल्हा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दलालांना पैसे मोजून माणसे वाळवंटात शिरू लागली.

परिणाम तुसान शहरातील शवचिकित्सा कचेरीच्या दप्तरात दिसतो. तुसान ज्या पीमा काउंटीत आहे, त्या जिल्ह्यासारख्या विभागाची ही कचेरी. १९९० च्या दशकात येथे अशा प्रवाशांची वर्षाकाठी सरासरी डझनभर प्रेते येत. २००२ नंतर बहुतेक वर्षी शंभराहून अधिक आली, काही वर्षी दोनशेंहूनही अधिक. दक्षिण ॲरिझोनात आजवर नोंदले गेलेले मृतावशेष चार हजारांच्या वर गेले आहेत. हे फक्त सापडलेल्यांचे आकडे होत.

मरणारे सगळे मेक्सिकन आहेत असेही नाही. पंजाबात ज्या चोरवाटेच्या प्रवासाला ‘डंकी’ म्हणतात, तिचे एक टोक याच वाळवंटात निघते. जून २०१९ मध्ये ल्यूकव्हिल या सरहद्दीवरील वस्तीच्या पश्चिमेस पंजाबातील सहा वर्षांच्या एका मुलीचे प्रेत सापडले. दलालांनी या लोकांना सरहद्दीपाशी सोडून दिले होते. आई मुलीला दुसऱ्या एका भारतीय बाईजवळ ठेवून पाणी शोधावयास गेली आणि परतू शकली नाही. त्या दिवशी तेथे ४२ अंश उष्मा होता.

पाण्याचा हिशेब

या सर्व प्रकरणाचा गाभा एका साध्या हिशेबात आहे. कडक उन्हात डोंगरातून चालणाऱ्या माणसाला दिवसाला आठ ते दहा लिटर पाणी लागते. सरहद्दीपासून मोटार मिळेल अशा रस्त्यापर्यंतची चाल तीन-चार दिवसांची असते, वाट चुकली तर आठवड्याची. चार दिवसांचे पाणी म्हणजे तीस ते चाळीस लिटर, आणि पाण्याचे वजन लिटरला एक किलो. म्हणजे पाठीवर चाळीस किलो झाले. तीन भरलेल्या घागरी घेऊन चार दिवस डोंगर चढण्यासारखे हे आहे. प्रत्यक्षात बहुतेक लोक गॅलनचे दोन कॅन घेतात. अमेरिकन गॅलन ३.८ लिटरचा, तेव्हा दोन कॅन म्हणजे साडेसात लिटर. प्लॅस्टिक उन्हात चमकून शिपायांना दिसू नये म्हणून कॅन काळ्या रंगाचे घेतात. हे पाणी पहिल्याच दिवशी संपते.

यावरून असे दिसेल की येथे तहानेने मरणारा मनुष्य नेहमीच बेफिकीर असतो असे नाही. पुरेसे पाणी बरोबर नेणे मनुष्याच्या शक्तीपलीकडचे आहे. घाम गाळून शरीर स्वतःला थंड ठेवते. पाणी संपले की घाम आटतो, शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर चढते, आणि डोके भ्रमिष्ट होते. मग मनुष्य अंगावरचे कपडे काढून टाकतो, सोबत्यांना ओळखत नाही, वाट सोडून भलतीकडे चालू लागतो. ज्याच्या पायाला फोड आले तो मागे राहतो, आणि दलाल मागे राहिलेल्यासाठी थांबत नाही. याच कारणाने तेथील स्वयंसेवक पाण्याबरोबर पायमोजे आणि मलमपट्टी यांना इतके महत्त्व देतात. क्षार घातलेले पाणीही ते जवळ ठेवतात. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगाव येथे, डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीचे हजारो रोगी वाचविले होते. गेलेले पाणी क्षारांसह भरून काढावयाचे, हे तत्त्व दोन्हीकडे एकच.

कार्याचा आरंभ

तुसानच्या लोकांना हा प्रश्न प्रथम १९८० च्या जुलैत भिडला. एल साल्वादोरमधील यादवीतून पळालेल्या सव्वीस जणांपैकी तेरा जण त्या वाळवंटात मरण पावले. वाचलेल्यांची विचारपूस करावयास गेलेल्या चर्चच्या मंडळींना त्यांच्या देशात काय चालले आहे ते कळले. जिम कॉर्बेट नावाचे क्वेकर पंथी पशुपालक आणि साउथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चचे उपदेशक जॉन फाइफ यांनी मार्च १९८२ मध्ये उघडपणे जाहीर केले की, या निर्वासितांना आम्ही चर्चमध्ये आश्रय देऊ. पुढे अनेक शहरांतील चर्चे या चळवळीत सामील झाली. १९८६ मध्ये फाइफ व त्यांचे काही सहकारी दोषी ठरले, पण त्यांना तुरुंगात पाठविण्यात आले नाही.

१९९४ नंतर मृत्यू वाढू लागले तेव्हा हीच मंडळी व त्यांचे स्नेही पुन्हा एकत्र आले. जून २००० मध्ये रेव्हरंड रॉबिन हूव्हर यांच्या पुढाकाराने ‘ह्यूमेन बॉर्डर्स’ ही संस्था निघाली आणि २००१ च्या वसंत ऋतूत तिने पाण्याची पहिली पिंपे वाळवंटात मांडली. मे २००१ मध्ये दक्षिण मेक्सिकोतून आलेले चौदा जण एकाच प्रवासात मरण पावले, आणि ही गोष्ट देशभर गाजली. २००२ मध्ये ‘सॅमॅरिटन्स’ या नावाने गस्त घालणारे स्वयंसेवक पुढे आले. बायबलात वाटेवर जखमी पडलेल्या परक्याची शुश्रूषा करणाऱ्या एका मनुष्याची कथा आहे, तिच्यावरून हे नाव घेतलेले आहे. २००४ मध्ये ‘नो मोअर डेथ्स’, म्हणजे ‘यापुढे मृत्यू नको’, ही संस्था स्थापन झाली. नावातच तिचे उद्दिष्ट सांगितले आहे.

कामाची पद्धत

या संस्थांची कार्यपद्धती एकसारखी नाही, आणि तो फरक लक्षात घेण्यासारखा आहे.

ह्यूमेन बॉर्डर्सची रीत आपल्या पाणपोईला सर्वांत जवळची. ५५ गॅलनचे, म्हणजे सुमारे २०८ लिटरचे निळे पिंप घडवंचीवर आडवे ठेवतात, त्याला तोटी असते. शेजारी उंच काठीवर निळा झेंडा लावतात, म्हणजे दुरून दिसावा. जागेच्या मालकाची, मग तो सरकारी विभाग असो की खाजगी गृहस्थ, परवानगी घेऊनच पिंप मांडतात. पाण्याची टाकी बसविलेला ट्रक ठरलेल्या फेरीवर निघतो. प्रत्येक ठिकाणी पाणी तपासतात, कितीने उतरले ते लिहितात, भरतात आणि झाकणाला कुलूप लावतात, कारण पिंपे फोडण्याचे आणि पाणी नासविण्याचे प्रकार झाले आहेत. पीमा काउंटीने काही वर्षे या कामास अनुदानही दिले.

सॅमॅरिटन्स लोक मोटारीतून रस्तोरस्ती हिंडतात. बरोबर पाणी, खाण्याच्या पुड्या आणि औषधांची पेटी असते. यांत नोकरीतून निवृत्त झालेली मंडळी पुष्कळ. तुसानच्या दक्षिणेस ग्रीन व्हॅली नावाची वस्ती मुख्यतः निवृत्तांचीच आहे, तेथेही अशी एक तुकडी आहे. सत्तरीच्या आजीबाई हातात काठी व पाठीवर पाण्याचे कॅन घेऊन ओढ्याच्या पात्रातून चालताना दिसतात.

नो मोअर डेथ्सचे तरुण पायवाटांवर जातात. अरिवाका गावाजवळ त्यांची छावणी आहे. वाटा सारख्या बदलतात, सबब कोठे किती कॅन ठेवले, त्यांतले किती वापरले, किती फोडलेले सापडले, याची नोंद दर खेपेस ठेवतात. कॅनवर तारीख आणि कधी कधी स्पॅनिशमध्ये शुभेच्छेचे दोन शब्द लिहितात. तरुणांना प्रथमोपचाराचे शिक्षण घ्यावे लागते. आजारी मनुष्य भेटला तर दूरध्वनीवरून डॉक्टर-नर्सचा सल्ला घेतात. कोणी शिपायांच्या स्वाधीन होऊ इच्छीत असेल, तर त्यांना बोलावतात.

याशिवाय ‘आगिलास देल देसिएर्तो’, म्हणजे ‘वाळवंटातील गरुड’, ही २०१२ मध्ये निघालेली तुकडी आहे. तिच्यातले बरेच जण स्वतः स्थलांतर करून आलेले कष्टकरी. सुटीच्या दिवशी रात्रभर मोटार हाकून ते कॅलिफोर्नियातून येतात आणि हरवलेल्यांच्या घरून आलेल्या निरोपावरून डोंगर धुंडाळतात. जिवंत माणसापेक्षा अस्थीच त्यांना अधिक वेळा सापडतात.

कायद्यापुढे पाणी

अमेरिकन कायद्याप्रमाणे परवान्यावाचून आलेल्या परदेशी माणसाला लपविणे किंवा पुढे पोहोचविणे हा गंभीर गुन्हा आहे. तहानलेल्याला पाणी देणे हा गुन्हा असल्याचे कोणत्याही कायद्यात म्हटलेले नाही. पण मदत कोठे संपते आणि लपविणे कोठे सुरू होते, ही रेषा वाळवंटात नीट दिसत नाही. कोर्टांपुढे आलेले सर्व खटले या एकाच रेषेभोवती फिरतात.

जुलै २००५ मध्ये दोघा तरुण स्वयंसेवकांनी तीन आजारी प्रवाशांना मोटारीतून तुसानला न्यावयास घेतले असता त्यांना अटक झाली. वैद्यकीय सल्ला घेऊनच ते निघाले होते. २००६ मध्ये न्यायाधीशांनी खटला काढून टाकला. फेब्रुवारी २००८ मध्ये एका स्वयंसेवकाला एल साल्वादोरच्या चौदा वर्षांच्या मुलीचे प्रेत सापडले. दोनच दिवसांनी एका अभयारण्यात पाण्याचे कॅन ठेवल्याबद्दल त्याच्यावर ‘कचरा टाकला’ असा आरोप ठेवण्यात आला. २०१० मध्ये वरिष्ठ न्यायालयाने शिक्षा रद्द केली. माणसांनी प्यावे म्हणून ठेवलेल्या बंद, शुद्ध पाण्याच्या बाटलीला निश्चितपणे कचरा म्हणता येत नाही, हा निकालाचा मथितार्थ.

यानंतर ताण वाढला. जून २०१७ मध्ये बॉर्डर पेट्रोल या सरहद्दीवरील पोलीस दलाने अरिवाकाच्या छावणीवर छापा घालून उपचार घेत असलेल्या चौघांना पकडले. त्याच वर्षी काबेसा प्रिएता या अभयारण्याच्या परवानापत्रात पाणी, अन्न व औषधे ठेवणार नाही असे कबूल करण्याची अट आली. तेथे परवान्यावाचून जाऊन पाणी ठेवणाऱ्या चार स्त्रियांना जानेवारी २०१९ मध्ये दोषी ठरविण्यात आले. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायाधीश रोझमेरी मार्केझ यांनी तो निर्णय फिरविला. या स्त्रिया आपल्या धर्मश्रद्धेनुसार वागल्या आणि धर्मस्वातंत्र्याच्या कायद्याने त्यांना संरक्षण आहे, असे त्यांनी ठरविले.

जानेवारी २०१८ मध्ये नो मोअर डेथ्सने एक अहवाल प्रसिद्ध केला. २०१२ ते २०१५ या काळात निदान ४१५ वेळा मिळून ३,५८६ गॅलन पाणी नासविले गेल्याचे त्यात नोंदले होते. शिपाई पाण्याचे कॅन लाथाडताना व ओतून टाकताना दाखविणारी चित्रेही बाहेर आली. त्याच दिवशी आहो या गावी स्कॉट वॉरन या भूगोलाच्या शिक्षकाला दोघा मध्य अमेरिकन तरुणांना अन्न, पाणी व निवारा दिल्यावरून अटक झाली. आरोप सिद्ध झाले असते तर वीस वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. जून २०१९ मध्ये ज्यूरीचे एकमत झाले नाही. नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या ज्यूरीने आश्रय दिल्याच्या दोन्ही आरोपांतून त्यांची निर्दोष सुटका केली.

आक्षेप व त्यांचा विचार

या कार्यास विरोध करणारे सगळेच निर्दय आहेत असे समजणे अन्यायाचे होईल. पहिला आक्षेप असा की, पाणी ठेवल्याने लोकांना येण्याचे उत्तेजन मिळते. यावर स्वयंसेवक म्हणतात की, हजार कोसांवरून घरदार सोडून निघालेला मनुष्य वाळवंटातील एका पिंपाच्या भरवशावर निघत नाही, बहुतेकांना ते पिंप आहे हे ठाऊकही नसते. शिवाय ह्यूमेन बॉर्डर्सने सरहद्दीपलीकडील गावांत लावण्यासाठी इशाऱ्याची पत्रके काढली. एका दिवसात मनुष्य किती चालू शकतो आणि कोठे किती जण मेले, याचे नकाशे त्यांवर छापून ‘जाऊ नका, पाणी पुरणार नाही’ असे सांगितले. जो पाणी ठेवतो तोच येऊ नका म्हणतो, यात विसंगती नाही.

दुसरा आक्षेप, या पाण्याचा फायदा अफूगांजाचे चोरटे व्यापारीही घेतात. हे खरे असू शकते. तोटीला चांगला-वाईट कळत नाही. स्वयंसेवकांचे म्हणणे एवढेच की, चोरालाही कोर्टापुढे उभे करण्याआधी तो जिवंत असावा लागतो.

तिसरा आक्षेप अधिक अवघड आहे, कारण तो त्या भूमीच्या मूळ धन्यांचा आहे. तोहोनो ओओधाम लोकांच्या राखीव मुलखाची शंभर किलोमीटरच्या आसपास हद्द मेक्सिकोला लागते. त्यांच्या शासनाने आपल्या मुलखात पाण्याची पिंपे मांडू दिली नाहीत. आधीच प्रवाशांची व दलालांची रहदारी, मागे पडणारा कचरा, गस्तीच्या मोटारींचा उपद्रव आणि प्रेतांच्या तपासाचा खर्च यांनी हा गरीब समाज पिचलेला आहे. पाणी ठेवले तर वाटा इकडेच वळतील अशी त्यांना भीती. त्यांच्यापैकीच माइक विल्सन या गृहस्थांनी मात्र आपल्या लोकांचा रोष पत्करून वर्षानुवर्षे स्वतःच्या जबाबदारीवर तेथे पाणी ठेवले. दोन्ही बाजूंना आपापले दुःख आहे. बाहेरच्या माणसाने येथे घाईने निवाडा देऊ नये हे बरे.

बॉर्डर पेट्रोलची बाजूही सांगितली पाहिजे. त्या दलाची १९९८ पासून एक शोध व सुटका तुकडी आहे. वाळवंटात त्यांनी मदतीचे मनोरे उभारले आहेत, त्यावरील बटण दाबले की शिपाई येतात. त्यांनी वाचविलेली माणसेही पुष्कळ. अडचण अशी की, पकडले जाण्याची धास्ती असलेला मनुष्य अगदी शेवटच्या घटकेपर्यंत ते बटण दाबीत नाही.

मेलेल्यांची नावे

पाणी पोहोचले नाही तेथे काम संपत नाही. पीमा काउंटीच्या शवचिकित्सा कचेरीत आलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश प्रेतांची ओळख पटलेली नाही. उन्हात प्रेत काही दिवसांतच ओळखू येईनासे होते, कागदपत्रे नसतात किंवा खोटी असतात. मग शर्टाच्या अस्तरात शिवलेला दूरध्वनीचा क्रमांक, देवाचे चित्र, दातांची ठेवण यांवरून शोध चालतो. मानववंशशास्त्राच्या अभ्यासक रॉबिन राइनेके यांनी सहकाऱ्यांसह २०१३ मध्ये याच कामासाठी ‘कोलिब्री’ ही संस्था काढली. हरवलेल्यांच्या नातलगांच्या रक्ता-लाळेचे नमुने घेऊन ते प्रेतांशी ताडून पाहण्याचे काम तिने केले.

ह्यूमेन बॉर्डर्स आणि शवचिकित्सा कचेरी यांनी मिळून एक नकाशा तयार केला आहे. ज्या ज्या जागी प्रेत सापडले तेथे एक लाल ठिपका. तो कोणालाही पाहता येतो. पाणी कोठे ठेवावे हे ठरविण्यास त्याचा उपयोग होतो. कोलंबियातून येऊन तुसानला स्थायिक झालेले चित्रकार आल्वारो एन्सिसो हा नकाशा घेऊन दर मंगळवारी काही मित्रांसह वाळवंटात जातात आणि ठिपक्याच्या जागी हाताने केलेला लाकडी क्रूस रोवतात. २०१३ पासून त्यांनी असे हजाराहून अधिक क्रूस रोवले आहेत.

आपण काय घ्यावे

गेल्या काही वर्षांत परिस्थिती पुन्हा पालटली. २०२३-२४ मध्ये सरहद्दीच्या भिंतीपाशी बायकामुलांसह शेकडो माणसे शिपायांच्या स्वाधीन होण्यासाठी तासन् तास थांबत, तेव्हा याच संस्थांनी तेथे पाणी, अन्न व तंबू पोहोचविले. २०२५ पासून सरहद्दीवर पकडल्या जाणाऱ्यांची संख्या फारच घटली. पण वाळवंटातला उन्हाळा आणि पाण्याचा हिशेब बदललेला नाही.

आपल्या संस्थेच्या दृष्टीने या हकीकतीत तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, उद्देशाची मर्यादा. कोणी यावे, कोणी येऊ नये, कायदा कसा असावा, याविषयी या स्वयंसेवकांची आपापली मते आहेत, पण वाळवंटात जाताना कोणी मरू नये एवढेच काम ते हाती घेतात. दुसरी, हिशेब. किती पाणी ठेवले, किती वापरले, किती वाया गेले, हे लिहिलेले नसते तर कोर्टात वा लोकांपुढे त्यांचे म्हणणे टिकले नसते. आपल्या हिशेबतपासनिसांना हे विशेष पटेल. तिसरी, नियमितपणा. पिंप एकदा मांडून छायाचित्र काढणे सोपे, ते दर आठवड्याला भरणे कठीण. झेंडा पाहून मैलभर आडवाट करून आलेल्याला पिंप कोरडे मिळाले, तर ते नसते तर बरे झाले असते.

मे २०२० मध्ये टाळेबंदीने रोजगार बुडालेले हजारो मजूर मुंबई–आग्रा रस्त्याने उत्तरेकडे पायी चालले होते. इंदूरच्या बायपासवर आणि वाटेतल्या गावागावांत लोकांनी त्यांना पाणी दिले, जेवू घातले, अनवाणी पायांना चपला दिल्या. ते कोणत्या जातीचे, कोणत्या प्रांताचे, हे कोणी विचारले नाही. म्हणजे ही वृत्ती आपल्यात आहे. आपले वसतिगृह, शिष्यवृत्त्या आणि वैद्यकीय साहाय्य हे आपल्या समाजाच्या गरजेतून निघाले आणि ते तसेच चालावे. पण महोत्सवाच्या वर्षी विश्वस्त मंडळाने अंदाजपत्रकात एक लहानशी रक्कम वेगळी काढावी, आपल्यापैकी नसलेल्या वाटसरूसाठी. ती दर वर्षी काढावी, तिचा हिशेब ठेवावा, आणि उन्हाळ्याच्या पहिल्या आठवड्यात रांजण भरलेले असतील याची जबाबदारी एका सभासदाच्या नावे लिहून ठेवावी.